पाहुणे येण्यापूर्वीचे शहर



घरी पाहुणे येणार असे कळले म्हणजे काय गडबड उडते हे येथे बसलेल्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. पुढची खोली आवरली जाते, पलंगावर धुतलेली चादर पडते, फुटक्या कानाचे कप मागे जाऊन नवे पुढे येतात आणि सारा पसारा माजघरात लोटून मधले दार ओढून घेतले जाते. यात गैर काही नाही. पाहुणा दोन घटकांसाठी येतो व चहा घेऊन जातो. परंतु येणारा पाहुणा जर असे म्हणून येत असेल की, 'तुमचे माजघर कसे चालते एवढेच मला पाहावयाचे आहे', तर मग काय करावे? आजच्या आमच्या भाषणाचा विषय हा असा पाहुणा आहे.

गेल्या काही वर्षांत जगातील शहरांत एक नवा उत्सव रूढ होत आहे. चौक, पार, मैदाने, नदीकाठ, बाजारपेठा आणि साधे रस्ते या सार्वजनिक जागा तेथील रहिवाशांनी स्वतः पुढाकार घेऊन कशा घडवाव्यात, याचा विचार करण्यासाठी निरनिराळ्या गावांचे लोक दरवर्षी एका गावी जमतात. इंग्रजीत या खटाटोपास 'प्लेसमेकिंग' असे नाव आहे. आम्ही त्याला 'जागेला जागेपण आणणे' असे म्हणू. २०१६ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे असा सप्ताह झाला. पुढे युरोपात तो २०१७ साली ॲम्स्टरडॅम, २०१९ साली व्हॅलेन्सिया, २०२२ साली पोंतेवेद्रा, २०२३ साली स्ट्रासबूर्ग, २०२४ साली रॉटरडॅम आणि २०२५ साली इटलीतील रेज्जो एमिलिया येथे भरला. या उत्सवाचा विशेष असा की, त्याचा खरा मंडप म्हणजे ते यजमान शहरच असते. सभागृहात जे बोलले जाते ते पाहुणे बाहेर पडून पायी तपासून पाहतात. म्हणून अशा उत्सवासाठी शहराने तयारी करावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. कमानी, पताका आणि दिव्यांच्या माळा येथे कामास येत नाहीत.

हा विचार मुळात कोठून निघाला हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १९६१ साली जेन जेकब्ज या विदुषीने अमेरिकन शहरांच्या मरणाविषयी व जीवनाविषयी एक ग्रंथ लिहिला. रस्ता सुरक्षित राहतो तो मुख्यतः तेथे ये-जा करणाऱ्या, दुकानाच्या दारात उभ्या असणाऱ्या आणि खिडकीतून पाहणाऱ्या माणसांच्या नजरेमुळे राहतो, हे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच १९६१ साली न्यूयॉर्क शहराने असा नियम केला की, जो बांधकाम करणारा इमारतीपुढे मोकळा चौक सोडील त्याला वर जादा मजले चढविण्याची मुभा मिळावी. चौक पुष्कळ सुटले. पण त्यांतील कित्येकांत माणूस फिरकेना! तेव्हा विल्यम व्हाइट नावाच्या अभ्यासकाने १९७० नंतर आपल्या सहकाऱ्यांसह कॅमेरे लावून माणसे कोठे थांबतात, कोठे बसतात, काय पाहतात याची चित्रे घेतली. ऊन, झाडे, पाणी, खाण्याचे पदार्थ या सर्वांचा उपयोग होतो असे त्यांना दिसले, परंतु सर्वांत मोठी गोष्ट निघाली ती ही की, जेथे बसण्यास सोय आहे तेथे लोक बसतात. १९८० साली त्यांनी हे पुस्तकरूपाने मांडले.

श्रोतेहो, हे ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. आमच्याकडे यासाठी कॅमेऱ्याची गरज पडली नसती. दादरच्या शिवाजी पार्काभोवतीचा जो बुटका कठडा आहे त्याला आपण 'कट्टा' म्हणतो. मैदानाची हद्द दाखविण्यास बांधलेला तो कठडा लोकांनी बसण्याची जागा करून टाकला. पाराभोवतीचा ओटा, देवळाची पायरी, नदीचा घाट, वाड्याच्या दाराशी असलेली देवडी, ही सारी आपली बसण्याची शाळा होती. आम्हांस अभिमानापेक्षा चिंता अधिक वाटते ती यामुळे की, ज्या समाजाला ही गोष्ट शिकवावी लागत नव्हती, त्याच समाजात आज पाराला लोखंडी कुंपण पडते आणि दुकानाच्या पायरीवर कोणी टेकू नये म्हणून सळया बसविल्या जातात.

आता पोंतेवेद्रा या गावाची हकीकत सांगतो. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गॅलिसिया नावाचा पावसाळी प्रांत आहे. तेथे लेरेस नदीच्या काठी सुमारे ८३ हजार वस्तीचे हे शहर आहे. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे. त्याच्या जुन्या चौकांची नावे ऐकण्यासारखी आहेत. एकाचे नाव सरपणाचा चौक, दुसऱ्याचे भाजीचा चौक, तिसऱ्याचे लोहारांचा चौक. आपल्या पुण्याच्या पेठांना जशी वारांची नावे आहेत तशी त्या चौकांना तेथील व्यवसायांची नावे राहिली आहेत. सांतियागो या तीर्थक्षेत्राकडे पोर्तुगालमधून जाणारी पायवाट या गावातून जाते. यात्रेकरूंची खूण म्हणजे शिंपला, आणि गावातील यात्रेकरू-मातेच्या देवळाचा पायाच मुळी शिंपल्याच्या आकाराचा आहे. पायी चालणाऱ्यांचा मान ठेवण्याची अशी परंपरा असूनही विसाव्या शतकाच्या अखेरीस या गावाचा मध्यभाग मोटारींनी गुदमरून गेला होता. दिवसभरात गावातून जाणाऱ्या मोटारींची संख्या गावातील माणसांहून अधिक होती. माणसे उठून बाहेर राहावयास जात होती.

१९९९ साली मिगेल आन्शो फर्नांडेस लोरेस हे नगराध्यक्ष झाले. व्यवसायाने ते वैद्य, आणि त्यापूर्वी बारा वर्षे विरोधी बाकावर बसलेले. अधिकार हाती आल्यावर महिन्याभरातच त्यांनी जुन्या गावाचा सुमारे तीन लक्ष चौरस मीटरांचा भाग पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा केला. त्यांची विचारसरणी साधी होती. ज्याने मोटार विकत घेतली त्याने ती ठेवण्याची जागाही स्वतः पाहावी. सर्वांच्या मालकीचा रस्ता एकाच्या मोटारीने का अडवावा? त्यांनी मोटारींना सरसकट बंदी केली असे मात्र नव्हे. माल उतरविणारी गाडी, रुग्णवाहिका, अपंगांचे वाहन, घरी जाणारा रहिवासी यांना वाट आहे. हद्दपार केली ती दोन प्रकारची रहदारी. एक, गावाशी काही काम नसता नुसती आरपार जाणारी, आणि दुसरी, गाडी उभी करण्यास जागा शोधीत गोल गोल फिरणारी. गाड्यांसाठी गावाच्या कडेला विनामूल्य जागा केल्या. पदपथ आणि रस्ता यांतील पायरी काढून टाकून दगडी फरशीचे एकसारखे अंगण केले. २०११ साली त्यांनी एक गमतीदार नकाशा काढला. त्या गावात भुयारी रेल्वे नाही, पण नकाशा मात्र भुयारी रेल्वेच्या नकाशासारखा. स्थानकांच्या जागी गावातील ठिकाणे, आणि दोन ठिकाणांमधील रेघेवर पायी लागणारी मिनिटे. लांब वाटणारी जागा दहा मिनिटांवर आहे हे माणसाला कळले की तो गाडीची किल्ली खाली ठेवतो.

याचे फळ काय मिळाले? २०१८ साली एका ब्रिटिश वृत्तपत्राने दिलेल्या माहितीप्रमाणे, ज्या रस्त्यांवर १९९६ ते २००६ या काळात वाहनांच्या अपघातांत ३० माणसे दगावली होती, त्याच रस्त्यांवर पुढील दहा वर्षांत तीन दगावली, आणि २००९ नंतर एकही नाही. गावाच्या मध्यभागात सुमारे १२ हजार माणसे नव्याने राहावयास आली. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेच्या दुबई पुरस्काराने या कामाचा गौरव झाला. आकड्यांची सवय झालेल्या कानांना तीस आणि तीन यांतील अंतर लहान वाटेल. पण त्या अंतरात सत्तावीस घरे आहेत, आणि त्यांपैकी प्रत्येक घरात संध्याकाळी कोणीतरी परत आले आहे.

म्हणून २०२२ साली पोंतेवेद्रात तो उत्सव भरला तेव्हा त्याची तयारी तेवीस वर्षे चालू होती असे आम्ही म्हणतो. पाहुण्यांनी जे पाहिले ते त्यांच्यासाठी मांडलेले नव्हते. ते नसते आले तरी भाजीच्या चौकातील टेबले तशीच मांडली गेली असती.

येथे एक आक्षेप निघेल आणि तो निघाला पाहिजे. 'हे तर एका करड्या नगराध्यक्षाचे काम झाले. यात लोकांचा पुढाकार तो कोठे?' आक्षेप खोटा नाही. त्या गावात नाराज माणसेही होती. आपल्याला वाटेल तेथे गाडी नेता येत नाही हे कोणासच रुचत नाही, आणि गावाच्या कडेला गर्दी वाढली, गाड्यांना जागा अपुरी पडते, अशा तक्रारी तेथे झाल्या आहेत. आमचे उत्तर इतकेच की, त्या नगराध्यक्षांना मतदारांनी पुन्हा पुन्हा निवडून दिले. २०२३ सालीही ते पुन्हा नगराध्यक्ष झाले. तरीही मतपेटी म्हणजे पुढाकार नव्हे. चार-पाच वर्षांतून एकदा होय किंवा नाही म्हणणे वेगळे, आणि आपल्या दारासमोरच्या जागेचे काय व्हावे हे ठरविण्यास बसणे वेगळे. पोंतेवेद्राकडून आपण काय घ्यावे तर धीर. पद्धत आपली आपल्यालाच शोधावी लागेल, आणि ती शोधावयास फार लांब जावे लागणार नाही.

दरवर्षी आषाढी वारीच्या वेळी आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची आणि देहूहून तुकाराम महाराजांची अशा दोन पालख्या पुण्यास येतात. एक भवानी पेठेत उतरते, दुसरी नाना पेठेत. लक्षावधी पाहुणे एका संध्याकाळी शहरात येतात आणि त्यांच्या पाहुणचाराची वाटणी आपोआप झालेली असते. कोणी पिठले-भाकरी करतो, कोणी शाळेचे वर्ग उघडून देतो, नाभिक बंधू फुकट दाढी करतात, चर्मकार बंधू वहाणा शिवून देतात, डॉक्टर पायांचे फोड पाहतात. येथे प्रत्येकजण आपल्या धंद्याचीच सेवा देतो, आणि त्यामुळे यजमानपण एका समितीकडे न राहता पेठ-पेठ वाटले जाते. १८९३ पासून रुजलेल्या सार्वजनिक गणेशोत्सवानेही आपल्याला रस्त्यावर एकत्र येण्याची, वर्गणी जमविण्याची, हिशेब लिहिण्याची सवय लावली. म्हणजे माणसे आहेत, सवय आहे, हौस तर आहेच. उणीव आहे ती एकाच ठिकाणी. उत्सव संपल्यावर मांडवाच्या खांबांचे खड्डे रस्त्यात राहतात आणि ते बुजविण्याची जबाबदारी कोणाची हे कोणासच माहीत नसते. दहा दिवसांचे यजमान आपण उत्तम आहोत. उरलेल्या ३५५ दिवसांचे मालक मात्र आपण अजून झालेलो नाही.

पाहुण्यांसाठी शहर सजविण्याचा दुसराही एक मार्ग आहे, आणि त्याविषयी बोलल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०२२ व २०२३ साली आपल्या देशात जी-२० राष्ट्रांच्या बैठका झाल्या, तेव्हा मुंबईसह काही शहरांत पाहुण्यांच्या वाटेवरील गरीब वस्त्यांपुढे कापडाचे उंच पडदे उभे राहिल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून आली. माजघराचे दार ओढून घेणे ते हेच! फरक इतकाच की, घरात दाराआड पसारा असतो. येथे दाराआड माणसे होती.

हा प्रश्न जुना आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे-भेटीनिमित्त नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत असा ठराव पुढे आला. हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावेत असे जोतीरावांनी सुचविले. बत्तीस नियुक्त सभासदांत ठरावाच्या बाजूने मत न देणारे ते एकटेच निघाले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. त्या भेटीच्या कमानी केव्हाच उतरल्या. जोतीरावांचा प्रश्न मात्र अजून उभा आहे. पाहुण्यासाठी काढलेला पैसा पाहुणा गेल्यावर कोणाच्या उपयोगी पडणार?

आता आपल्या गावाने असा उत्सव भरविण्याचे मनावर घेतले, तर तयारी कोठून सुरू करावी, हे आम्ही क्रमाने सांगतो.

पहिली तयारी मोजण्याची. एक चौक निवडावा आणि वर्षाच्या तिन्ही ऋतूंत, सकाळी, दुपारी व रात्री तेथे कोण येते हे महाविद्यालयातील मुलामुलींनी वहीत टिपून ठेवावे. किती माणसे गेली यापेक्षा किती थांबली हे महत्त्वाचे. त्यांत स्त्रिया किती, म्हातारी माणसे किती, एकटी आलेली मुले किती? सायंकाळी सातनंतर स्त्रियांची संख्या एकदम घटत असेल तर त्या चौकाविषयी कोणत्याही अहवालापेक्षा तो एकच आकडा अधिक बोलतो.

दुसरी तयारी विक्रेत्यांशी बोलण्याची. उत्सव जवळ आला की पहिला हातोडा पडतो तो हातगाडीवर. वास्तविक २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, तेही त्यांनीच निवडून दिलेले आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया, असे बंधन घातले आहे. गावात ही समिती खरोखर बसते का, हे आधी पाहावे. कणसे भाजणारी बाई चौकात असते म्हणून चौकात रात्री उजेड असतो, माणूस असतो. तिला हटवून तेथे दिव्याचा खांब बसविणे हा शहाणपणा नव्हे.

तिसरी तयारी प्रयोगाची. एकदम कायमचे बांधकाम करू नये. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करून लोकांना मोकळा करून दिला गेला. एरवी जेथे जीव मुठीत धरून चालावे लागते तेथे माणसे रस्त्याच्या मधोमध चालली. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथेही १९७४ साली असाच एका दिवसाचा प्रयोग झाला. आज तेथे दर रविवारी व सुटीच्या दिवशी शंभर किलोमीटरांहून अधिक लांबीचे रस्ते सायकलस्वारांना व पायी चालणाऱ्यांना मोकळे असतात. एका दिवसाची गंमत आणि अर्धशतकाची रीत यांत फरक एवढाच पडला की, बोगोटाने तो दिवस पुन्हा पुन्हा आणला. व्यापारी बंधूंची शंका प्रयोगानेच फिटेल किंवा खरी ठरेल. त्या दिवशीच्या गल्ल्याचा हिशेब त्यांनी स्वतः ठेवावा व सभेत वाचून दाखवावा. विक्री घटली असेल तर तेही ऐकून घेण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे.

चौथी तयारी पैशाची. उद्घाटनास पैसा मिळतो, झाडणाऱ्यास मिळत नाही. ज्या दिवशी बाक बसवाल त्याच दिवशी पुढील पाच वर्षे तो दुरुस्त कोण करील, हे नावानिशी ठरवून फलकावर लिहावे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या आहेत. पुण्यात २००६ च्या सुमारापासून नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी कामे सुचविण्याची वाटही मोकळी झाली. दारे आहेत, श्रोतेहो. आपण ती ठोठावीत नाही.

पाचवी तयारी मनाची, व ती सर्वांत कठीण. पाहुण्यांना आपले अपुरे राहिलेले काम दाखविण्याची लाज वाटू नये. पडका घाट असेल तर तो दाखवावा, आणि त्याविषयी गावात जे दोन पक्ष असतील त्या दोघांनाही पाहुण्यांपुढे बोलू द्यावे. ज्या गावात सार्वजनिक जागेवरून मतभेदच नाहीत, ते गाव त्या जागेवर प्रेम करीत नाही असे आम्ही समजू.

कोणी म्हणेल, एवढे सर्व केल्यावर उत्सव आपल्या गावाला मिळालाच नाही तर? मिळाला नाही तर चौकात बसण्यास जागा झाली, विक्रेत्यांची समिती बसू लागली, एक रस्ता महिन्यातून एक दिवस मुलांना खेळावयास मिळाला, एवढे पदरात राहील. त्यासाठीच तर हा खटाटोप. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावाने एकत्र बसावे, ऐकावे, वाद घालावा, यासाठी त्यांनी परदेशी पाहुण्यांची वाट पाहिली नाही. आज आपणही येथे तसेच बसलो आहोत.

तेव्हा उठण्यापूर्वी आमची एकच विनंती आहे. हे व्याख्यान आवडले की नाही यावर परततांना चर्चा होईलच. ती चालता चालता करा, आणि घरापर्यंतच्या वाटेत एखाद्या म्हाताऱ्या माणसाला टेकावयास किती ठिकाणी जागा आहे हे मोजा. तो आकडा उद्या शेजाऱ्याला सांगा. शेजारी आपला आकडा सांगेल. तयारीची पहिली वही तेथेच सुरू होईल.